तेवीस किलोंत सुपीरियर

उमरोळीत राहणाऱ्या माणसाला पिशवी भरायला शिकवू नये. पालघर आणि बोईसरच्या मधलं हे आमचं स्टेशन. 2013 साली डहाणू लोकल सुरू झाली, तेव्हापासून गाडीत शिरणं ही एक कला आणि शिरल्यावर पिशवी कुठे ठेवायची ही दुसरी. डबा तळाशी, छत्री कडेला, पास हाताला लागेल असा आणि पिशवीचा बंद मनगटाला. निवृत्त होईपर्यंत मी ही विद्या रोज घोटली. त्यामुळे मिनियापोलिसहून लेकीचा फोन आला, "आई, जुलैत तुम्ही आलात की आपण बेटावर तंबू ठोकून राहू, सामानाची यादी पाठवते," तेव्हा मी म्हटलं, मला कसली यादी पाठवतेस?

यादी आली. ह्यांनी चष्मा लावून ती पुरी वाचली आणि म्हणाले, "अगं, ही सहलीची नाही, प्लांट शटडाउनची यादी आहे." ह्यांची उभी हयात तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात गेली. तिथे नोटीस बोर्डावर असतं तसलंच सगळं: गळ्यात शिट्टी, डोक्याला बांधायचा दिवा, अख्खी बुडाली तरी आत थेंब न जाणारी पिशवी, डास-माश्यांसाठी तोंडावरची जाळी आणि लाल अक्षरांत 'लाइफ जॅकेट सतत अंगावर'. शेवटी एक ओळ होती, तिच्याकडे मी नंतर येते, कारण आमच्या घरातली ती एकमेव ओळ आहे जिच्यावरून भांडण झालं नाही.

बेटं कुठली, तर अपोस्टल बेटं. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकाला लेक सुपीरियर आहे, त्यातली ही बावीस बेटं. त्यांतली एकवीस तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहेत. सरोवर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गावचं तळं आलं, पायऱ्या आणि कमळं असलेलं. जावईबापूंनी नकाशा दाखवला. ब्याऐंशी हजार चौरस किलोमीटर! आपला अख्खा पालघर जिल्हा त्यात पंधरा वेळा बुडेल आणि वर पाणी उरेल. खोली चारशे मीटरच्या वर. गोडं पाणी, म्हणजे नारळीपौर्णिमेचीही सोय नाही. आणि गार किती? भर उन्हाळ्यातही काठापासून आत गेलं की वरचं पाणी दहा ते पंधरा अंशांच्या आसपास. आमच्याकडे जानेवारीत एखाद्या पहाटे हवा पंधरावर आली की लोक कानाला मफलर गुंडाळून एकमेकांची चौकशी करतात. त्यांच्याकडे तेवढ्या पाण्यात होड्या वल्हवतात, तेही हौसेने.

पहिला तंटा सुती कपड्यांवरून. यादीत स्पष्ट होतं: सुती काहीही आणू नये. माझ्या कपाटात सुतीखेरीज आहे काय? साड्या, गाऊन, ह्यांचे बनियन, पंचे. सुती म्हणजे चांगलं, टेरिकॉट म्हणजे लग्नातला आहेर, हा आमच्या घरचा धर्म. लेक समजावत होती की सुती कापड भिजलं की वाळत नाही, अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी ऊब राखते. हे ऐकल्यावर मला पोटमाळ्यावरची सासऱ्यांची घोंगडी आठवली. भर पावसात भातलावणीला ते इरलं आणि घोंगडी घेऊन जात, आणि दिवसभर भिजूनही कधी शिंकले नाहीत. मी म्हटलं, तुमचं ते महागडं मेरिनो म्हणजे आमची घोंगडीच की. लेक म्हणाली, "बरोबर आहे आई, पण घोंगडी आणू नकोस." बरोबर असूनही आणू नकोस! लेकी परदेशात गेल्या की असलं तर्कशास्त्र शिकतात.

मे महिन्यात पालघरच्या बाजारात मी लोकरीचे मोजे मागितले. पदर घामाने पाठीला चिकटलेला, आणि मी विचारतेय, "नक्की लोकर आहे ना?" दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कोणी जबाबदार माणूस उभं आहे का ते पाहिलं.

इकडे ह्यांचा अभ्यास सुरू झाला. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेख्ट नावाचे प्राध्यापक आहेत. स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून त्यांनी प्रयोग केलेत, आणि त्यांचा एक-दहा-एकचा नियम प्रसिद्ध आहे. गार पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट हलतील अशी दहा मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे माणूस गारठून मरतो ते फार पुढे. आधी धाप लागते, पाणी नाकातोंडात जातं, मग बोटं वळत नाहीत. म्हणून लाइफ जॅकेट पिशवीत नव्हे, अंगावर. ह्यांनी हे फ्रिजवर चिकटवलं. पण कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला चाचणी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. सातपाटीहून येणाऱ्या मासळीवालीकडून बर्फ घेतला, बादलीत टाकला, थर्मामीटर धरून पारा बारावर आणला आणि हे दोन्ही पाय घालून बसले. पहिल्या मिनिटात श्वास काही ताब्यात आला नाही. त्याऐवजी तोंडातून नाइट शिफ्टची ती भाषा आली, जी लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकली. शिवाय पायांना पुढे दोन दिवस बोंबलाचा वास.

बोंबलांवरून आठवलं. सुके बोंबील, जवळा आणि वर्षाचा मसाला ह्यांच्याशिवाय आमच्याकडचं माणूस लेकीकडे जात नाही. लेक म्हणाली, मिनियापोलिसच्या घरात ठीक आहे, बेटावर नाही. आम्ही राहणार होतो त्या स्टॉकटन बेटावर काळी अस्वलं आहेत. त्यांना वास लांबून लागतो. म्हणून प्रत्येक तंबूच्या जागेशी लोखंडी पेटी असते, आणि ज्या ज्या वस्तूला वास आहे ती त्यात ठेवायची. खाणंच नव्हे, टूथपेस्टसुद्धा. आता मला सांगा, मराठी बाईच्या सामानात वास नसलेलं काय असतं? अमृतांजन, खोबरेल, उदबत्ती, ह्यांची ओव्याची डबी, बडीशेप, आणि हिंग. हिंगाच्या डबीवर मी तीन पिशव्या चढवल्या, तरी ती आपलं अस्तित्व सांगत होती.

वजन करायला आम्ही मामेभावाच्या चिकूच्या वाडीत गेलो. विमानात माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. त्याने बॅग काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि सवयीप्रमाणे पाटीचे दोन किलो वजा करून सांगितलं, "एकवीस." मी खुशीत अजून दोन किलो भरलं. विमानतळावर बॅग पंचवीस भरली. मग त्या चकचकीत फरशीवर बसून काय काढायचं ह्यावर आमची जी सभा झाली, तिच्यात रांगेतल्या चार अनोळखी लोकांनी मतं दिली. सगळ्यांचं एकमत मसाला राहू द्या, मोजे काढा असं होतं. मी मोजे पायात घातले.

बेफील्ड नावाच्या टुमदार गावातून बेटांकडे जाणारी बोट सुटते. तिथेच भाड्याने वेटसूट मिळाला. ह्या वस्त्राचं वर्णन सभ्य मासिकात जेवढं करता येईल तेवढं करते: उशी मोठी आणि अभ्रा लहान असला की जे होतं ते. आत लेक ओढत होती, बाहेरून जावईबापू "झालं का?" विचारत होते, आणि हे वेटसूट घालून केव्हाचे तयार उभे. त्यांना ते पीपीई वाटलं, त्यामुळे तक्रार नाहीच.

स्टॉकटनवर ज्युलियन बे नावाचा किनारा आहे. तिथली वाळू पायाखाली कुईकुई आवाज करते. केळव्याच्या वाळूने असा उद्धटपणा कधी केला नाही. किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात मी उतरले. बाहेर छान ऊन होतं, टोपी लागत होती, आणि बोटांच्या पेरांत कळ उठली. हवा बघून कपडे घालू नका, पाणी बघून घाला, असं तिथले होडीवाले सांगतात. त्या क्षणी मला ते ऐकून घ्यावं लागलं, कारण उलट उत्तर द्यायला श्वास नव्हता.

आणि आता ती शेवटची ओळ. यादीत उद्यान खात्याची सूचना होती: एका जास्तीच्या दिवसाचं खाणं बरोबर ठेवा. सुपीरियरवर वारा उठला की लाटा चढतात, धुकं येतं, आणि ठरल्या दिवशी बोट निघेलच असं नाही. मी लेकीला म्हटलं, हे आधी सांगायचंस, बाकीची यादी मी वाचलीच नसती. उभ्या आयुष्यात 'आई, एवढं कशाला?' हेच ऐकलं होतं. आता उद्यान खातंच माझ्या बाजूने उभं होतं. मी लेकीच्या घरी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि गुळपापडीच्या वड्यांचा मोठा डबा भरला. जावईबापू काही बोलले नाहीत, पण डब्याकडे बघून त्यांनी आपल्या पाठीचा विचार केला हे मला दिसलं.

परतीच्या दिवशी सकाळपासून झाडं घुमत होती. दुपारी कळलं की आज बोट नाही. त्यांच्या कोरड्या पाकिटांतलं खाणं आदल्या रात्रीच संपलं होतं. पेटी उघडली, आधी हिंग बाहेर आला, मग गुळपापडी. शेजारच्या तंबूतल्या दोन मुलींनाही दिली. त्यांनी ती कशाची केली ते विचारलं, आणि ह्यांनी कणीक, तूप, गूळ ह्यांचं प्रमाण अशा अधिकाराने सांगितलं की जणू लग्नापासून हेच करत आलेत.

तेव्हा कोणी तिकडे जाणार असाल तर सुती घरी ठेवा, शिट्टी गळ्यात बांधा, वजन चिकूच्या काट्यावर करू नका. गुळपापडी मात्र हिशेबापेक्षा जास्त घ्या, आणि रात्री झोपण्याआधी पेटीची कडी लागली आहे ना, ते स्वतः उठून बघा. नवऱ्याला सांगू नका, तो "लागलीय" म्हणतो.