द्राविडी प्राणायाम, मार्गे मरोळ नाका

डोंबिवलीहून मुंबईच्या दक्षिण टोकाला जायचं असेल तर शहाणा माणूस सीएसएमटी फास्ट पकडतो. पंधरा रुपयांच्या तिकिटात काम होतं. आमच्या काकांचा बेत वेगळा होता. एसी लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो एकनं मरोळ नाका आणि मरोळहून भुयारी मेट्रोनं कफ परेड. म्हणजे समुद्राकडे जायचं म्हणून आधी विमानतळाकडे! काकू एवढंच म्हणाल्या, "तेवढ्या वेळात तुम्ही पुण्याला पोचाल."

काकांचा मेट्रोवर जुना राग आहे. सगळी नोकरी मंत्रालयात गेली, आणि शेवटची वर्षं मेट्रोच्या पत्र्यांना वळसा घालण्यात. जमिनीखाली सतरा मशिनं बोगदा खोदत होती. त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं होती: गोदावरी, वैतरणा, तानसा. काका म्हणायचे, "नद्या खालून चालल्यात, पूर वर आलाय." मेट्रो थेट मंत्रालयाच्या अंगणात धावू लागली ती 9 ऑक्टोबर 2025 ला. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. वरातीमागून घोडं, तेही वातानुकूलित.

एसी लोकलमध्येही ते कधी बसले नव्हते. अशी पहिली गाडी 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर धावली, मग यथावकाश मध्य रेल्वेवरही आल्या. पण काकांचा आक्षेप तत्त्वाचा होता. "त्या गाडीला दार नाही." मी म्हटलं, "दार आहे की, उलट ते बंदही होतं." "जे बंद होतं त्याला दार म्हणत नाहीत. भिंत म्हणतात."

हे समजायला लोकलचं दार माहीत पाहिजे. दार म्हणजे ये-जा करण्याची जागा, हा समज बाहेरगावच्या माणसाचा. लोकलचं दार हे एक पद असतं. त्यावर ठरलेली माणसं असतात. फलाट कोणत्या बाजूला येणार हे ती सांगतात, कोण ठाण्याला उतरणार याची त्यांना खबर असते, फास्ट गाडीत चुकून चढलेल्या मुलुंडच्या माणसाला ती सहानुभूतीनं झापतात. दसऱ्याला डब्याची पूजा होते तेव्हा पहिलं तोरण दारालाच. खिडकीची सीट नशिबानं मिळते, चौथी सीट कमरेच्या जोरावर. दार मात्र वर्षानुवर्षांच्या सेवेनं मिळतं. काकांना ते मिळालं होतं, आणि मंत्रालयातल्या बढतीपेक्षा ते त्याचंच जास्त सांगतात. अर्थात 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून गेले, तेव्हा नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावायचं रेल्वेनं जाहीर केलं. त्यावर काकाही काही बोलत नाहीत.

तर आम्ही एसी लोकलमध्ये शिरलो. शिरलो म्हणजे मागच्यांनी शिरवलं. दार मिटू लागलं, तेवढ्यात कुणाची तरी सॅक मध्ये आली. दार उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. एका सॅकसाठी अख्खी गाडी खोळंबली. फलाटावर असताना "अहो, जरा आत सरका की" म्हणून ओरडणारा एक गृहस्थ आत पाय पडताच मागे वळून म्हणाला, "मागून दुसरी येतेय, ती पकडा!" काकांचा चेहरा उजळला. "गाडी बदलली, माणसं तीच आहेत," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी बंद दाराला पाठ टेकली ती घाटकोपरपर्यंत, आणि फलाट डावीकडे येईल की उजवीकडे ते कुणी न विचारता सगळ्यांना सांगत राहिले.

घाटकोपरला उतरायची खटपट करावी लागत नाही. 8 जून 2014 ला मेट्रो एक सुरू झाल्यापासून ते काम गर्दीनं आपल्या अंगावर घेतलं आहे. आपण फक्त पाय जमिनीला टेकतायत ना, एवढं बघायचं. तिकिटासाठी मी 'मुंबई वन' हे ॲप उघडलं. अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात, असं मी कौतुकानं सांगितलं. काकांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला, मुदत संपलेला फर्स्ट क्लासचा पास काढून दाखवला. "याला चार्जिंग लागत नाही."

मरोळला सुरक्षा तपासणीत काकूंनी दिलेला डबा यंत्रातून गेला. रक्षकानं विचारलं, "आत काय आहे?" काका म्हणाले, "शेपू." त्यानं डबा न उघडताच जाऊ दिलं.

भुयारी स्टेशन झकपक. फलाटाला वरपासून खालपर्यंत काचेची भिंत, आणि गाडी आली की तिच्या दारांसमोरच काचेची दारं उघडतात. काकांना याची कल्पना नव्हती. गाडी दिसते का बघायला ते सवयीनं कडेशी जाऊन वाकले, आणि कपाळ काचेवर आपटलं. तिथला कर्मचारी धावत आला. काका म्हणाले, "मला काही झालं नाही. पण गाडी येतेय की नाही, ते माणसानं बघायचं कसं?" कर्मचाऱ्यानं वरचा फलक दाखवला. फलकावर विश्वास ठेवायचा असतो, ही कल्पना डोंबिवलीकराला पचायला जड जाते.

गाडीचा डबा अर्धा रिकामा होता. काका एका हेडफोनवाल्या मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कुठं उतरणार?" मुलगा गोंधळला. "काका, बाजूची सीट रिकामीच आहे." काका बसले, पण नाराज. मिळवलेली सीट वेगळी आणि सापडलेली वेगळी.

बीकेसीनंतर गाडी मिठी नदीच्या खालून गेली, तसं मी त्यांना सांगितलं. काकांनी दोनदा श्वास ओढून पाहिला. "वास नाही," ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी मेट्रोची केलेली तेवढीच स्तुती.

गिरगाव आलं तसे काका उठून दाराशी गेले. अजून सहा स्टेशनं होती. मंत्रालयाजवळच्या विधान भवनला दार उघडलं, त्यांनी एकदा घड्याळात बघितलं, "लेट मार्क" असं पुटपुटले आणि पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या खांद्याला बोट लावलं.

"कफ परेड उतरणार ना?"

"अहो, शेवटचं स्टेशन आहे. पुढे समुद्र आहे. सगळेच उतरणार."

"तसं नसतं," काका म्हणाले. "सीएसएमटीच्या पुढे तरी कुठे रूळ आहेत? निम्मे लोक परतीची सीट धरून बसलेलेच असतात."