बाकी सगळं जादा

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत एकदा नमुना घरं बघून यावीत. उंच छत, दगडी ओटा, अंगणात लॅव्हेंडर. फलकावरची किंमत मात्र जेमतेम भिंतींची. एवढं उंच छत हवं? जादा. ओटा दगडी? जादा. ड्राइव्हवेही बहुधा जादाच. गाडी उडत येईल अशी कंपनीची समजूत असावी. जमिनीत खडक लागला तर खर्च तुमचा. आणि आपल्या मंडळींनी देवघर ईशान्येला मागितलं, की नकाशात बदल, म्हणजे वेगळी फी. वास्तुपुरुषालाही तिथं अर्ज भरावा लागतो.

हप्ते मात्र चोख. व्हिक्टोरिया राज्याच्या 1995च्या घरबांधणी कायद्यातली ठरलेली रीत अशी: अनामत 5 टक्के, पाया 10, सांगाडा 15, दारं-खिडक्या लागल्या की 35, आतलं काम 25. म्हणजे किल्ली हाती यायच्या आधीच 90 टक्के गेले! 2023च्या मार्चअखेर पोर्टर डेव्हिस ही बडी कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे 1,700 घरं अर्धवट लटकली. त्यामुळे छताची उंची नंतर विचारा, आधी कंपनीचा ताळेबंद मागून बघा. तो जादाच्या यादीतही सापडत नाही.