एका शिंगाचा बैल

गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती कुत्रा देऊ नये. तो कुत्र्याचंही उदाहरण सोडवायला बसतो.

आमचा टायसन हा मुळात चिरंजीवांचा. पुण्यातला फ्लॅट, दोघांच्या नोकऱ्या आणि वाढत्या वयाचा लॅब्राडोर हे समीकरण जुळेना, म्हणून तो दर्यापूरला आला. "बाबा, तुम्हाला सोबत होईल." सोबतीने आल्या आल्या माझी चप्पल, उशी आणि कूलरची अर्धी ताटी फस्त केली. ही म्हणाली, "त्याले काही खेळायले आणा. नाही तं एक दिवस तुमालेच खाईन."

मी अभ्यासाला लागलो. कुत्र्याला चघळायला काय द्यावं, याच्या कसोट्या वाचल्या आणि हरखलो, कारण त्या घरबसल्या पडताळता येत होत्या. खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबायचं. खाच उमटली तर ठीक, नाहीतर ते दातांना जड. दुसरी कसोटी गुडघ्याची. खेळणं आपल्याच गुडघ्यावर मारून पाहायचं. दुखलं तर कुत्र्याला द्यायचं नाही, चावताना त्याच्या वरच्या मोठ्या दाढेची खपली उडू शकते.

बनोशाच्या बाजारात दुकानदाराने नायलॉनचं हाड पुढे केलं. मी ते तिथंच गुडघ्यावर हाणलं. जोरात हाणलं, कारण प्रयोग अर्धवट करायची सवय नाही. निष्कर्ष निर्विवाद निघाला. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "सर, हळू मारून बी समजलं असतं." पण मी आता थांबणार थोडाच! पिपाणीचं बदक बाद. ते फाडून कुत्रं आतली शिट्टी गिळतं. दोरीचं खेळणं बाद. सुटलेले धागे पोटात गेले तर आतडं चुण्या पडून गोळा होतं. टेनिसचा चेंडू बाद. त्याची लव दात घासून काढते. लहान चेंडू तर घशातच बसायचा. मी घरी परतलो तो रिकामी पिशवी आणि सुजलेला गुडघा घेऊन. हिने दोन्हींकडे पाहिलं आणि फक्त पिशवीबद्दल विचारलं.

खरं तर 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. टायसनही चौदाच्या आतलाच. पण कायद्याला तो मूल वाटत नाही, आमच्या हिला वाटतो.

मग कोलोरॅडोच्या जो मार्कहॅमची गोष्ट वाचनात आली. 1970च्या दशकात त्याचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दातांची वाट लावत होता. मार्कहॅम फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करत असताना सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झच्या तोंडी लागला आणि तो दगड विसरला. त्यावरून पुढे 'काँग' हे पोकळ रबरी खेळणं निघालं. आत खाऊ भरायचा आणि कुत्र्याने तासभर डोकं चालवून तो काढायचा. ते मागवता आलं असतं. पण मूळ सूत्र हाती असताना तयार उत्तर विकत घेणं मास्तरकीला शोभत नाही. मी गॅरेजवर गेलो.

"बुश पाहिजे."

"कोन्त्या गाडीचा?"

"कुत्र्याचा."

मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला. तो माझा विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही. टेम्पोचा एक जुना बुश काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्या बुशात वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं असणार, हे मार्कहॅमच्या गोष्टीत नव्हतं. टायसनने तो हुंगला, शिंकला आणि दिवाणावरच्या धुतलेल्या चादरीत नेऊन पुरला.

एवढ्यात पोळा आला आणि पाठोपाठ तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही आपल्याकडची चाल. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवतात. दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा गोळा करतात. शेजारचा पोट्टा त्याच्या बापाच्या लहानपणचा बैल घेऊन आला. बैल ओट्यावर ठेवून तो हात पुढे करून उभा राहिला. मुकाट्याने पैसे द्यायचे की नाही? पण मी त्याला खेळण्यांवरच्या रंगाबद्दल सांगू लागलो. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वदच्या वर नसावं, हा नियम 2017 पासूनचा. तुझा बैल त्याच्या कितीतरी आधीचा, तेव्हा...

"सर," पोट्टा म्हणाला, "तुमचा कुत्रा माया बैल खाऊन रायला."

गल्ली जमली. कोणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकते. दुसरा म्हणाला, "मीठ कायले? आपल्या बोअरचंच पाजा!" खारपाणपट्ट्यात हा विनोद जुना आहे, तरी सगळे हसले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच. मिठाने कुत्र्याला विषबाधा होते आणि टोकदार वस्तू उलटीतून वर येताना अन्ननलिका चिरते. त्यांनी विचारलं, नेमकं काय पोटात गेलंय? माहीत नाही? मग तुकडे जुळवून बघा.

सण टाकून मी ओट्यावर बैल जुळवत बसलो. चाकं आली, वशिंड आलं, शेपूट आली, रंगाच्या बहुतेक खपल्याही फरशीवरच सापडल्या. उरलं एक शिंग. डॉक्टर म्हणाले, लाकूड एक्स-रेत धड दिसत नाही. खाणं सोडलं, उलट्या झाल्या किंवा पोट धरून बसला तर लगेच आणा. तोवर प्रत्येक वेळची शी काडीने तपासा.

टायसन मजेत जेवत होता. अन्न गोड लागत नव्हतं ते मला. पहाटे तो पुढे आणि पळाटीची काडी घेऊन मी मागे, अशी आमची वरात मोकळ्या प्लॉटवर निघू लागली. ज्यांना मी प्रमेयं शिकवली ती माणसं फिरायला जाताना थांबायची. "सर, काही हरवलं काय?"

"शिंग," मी सांगायचो. ती पुढे निघून जायची.

अखेर सापडलं. अखंड, टोकासकट. मी असा ओरडलो की समोरच्या घरातला दिवा लागला. कुंपणापलीकडे तो पोट्टा फेविकॉलची बाटली घेऊन तयारच उभा होता.

"आना इकडे," तो म्हणाला. "पन आंधी गरम पान्यानं धुवा."