या, बसा

आमच्या सणसरात घराची ऐपत खोल्यांवर नाही, ओसरीवर मोजतात. तुकोबांची पालखी मुक्कामाला येऊन गेली की कुणाच्या ओसरीवर किती वारकरी टेकले, हा हिशेब पुढच्या आषाढापर्यंत पुरतो. त्यामुळे कुणाचंही घर बघायला गेलो की मी आधी बसायची जागा हेरतो.

या खोडीनेच परवा देवराष्ट्र्यात फजिती झाली. ते यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला ते तिथे जन्मले. ते घर आता स्मारक आहे. राज्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांकडे जायचं म्हणून घरच्यांनी मला इस्त्रीचे कपडे घालायला लावले. पाहतो तर ठेंगणं, साधं घर. दारात चपला काढल्या, खाकरलो आणि 'या, बसा' ऐकू येण्याची वाट बघत उभा राहिलो. आतून कोण म्हणणार?

तिथे उभ्या उभ्या पुतण्याचं बोलणं आठवलं. अमेरिकेतला हा पुतण्या तिथले एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं घर, माँटिसेलो, बघून आला होता. टेकडीवर घुमटाचा वाडा, भोवती मळा. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले. "काका, आपल्याकडे असलं काही नाही," पुतण्या म्हणाला. ऐकून बरं वाटलं होतं. आपल्याकडे यशवंतरावांच्या काळात सहकारी साखर कारखाने वाढले. ऊसवाला सभासद झाला, सभासदाचा संचालक, संचालकाचा आमदार. बंगले मागाहून आले. त्यांची संग्रहालयं व्हायची आहेत अजून. भेटायला येणाऱ्यांची गर्दीच हटत नाही!

परतलो तेव्हा दिवस मावळला होता. भवानीनगरच्या कारखान्याचं गाळप जोरात होतं. आमच्या उसाला तोड कधी, हे विचारायला तसाच टोळीच्या कोप्यांकडे गेलो. माणसं बीडकडची. कोपीत वाकूनच शिरावं लागतं. आत चूल, कोयते, गोधडीत झोपलेलं पोर. चौथ्या माणसाला जागा नाही. तरी बाईंनी कोयते बाजूला सारले, पाचटावर पोतं अंथरलं.

"बसा की तात्या. च्या ठेवलाय."

इस्त्रीच्या कपड्यांनिशी बसलो. हंगाम संपला की कोप्या मोडतात आणि बांबू ट्रॅक्टरवर टाकून ही माणसं गावाकडे निघतात.