पणजोबांचं स्पिटफायर

स्पिटफायर या इंग्रजी लढाऊ विमानात माझा वडिलोपार्जित हिस्सा आहे, हे मी स्टँडवरच्या हॉटेलात जाहीर केलं तेव्हा कुणी हसलं नाही. एक तर हसण्याचे परिणाम लिंबागणेशला नव्याने शिकवायला नकोत. गणपती उंदरावरून पडला म्हणून हसलेल्या चंद्राला शापातून सुटायला इथेच येऊन तप करावं लागलं. आमच्या भालचंद्राचं माहात्म्यच ते आहे. दुसरं म्हणजे आमच्याकडे हिस्सा हा विनोदाचा विषय नाही. “वाटण्या झाल्यात का?” एवढंच एका म्हाताऱ्याने विचारलं आणि बशीतला चहा ओढला.

माझा व्यासंग मोठा आहे. इंग्लंडात डक्सफर्डसारख्या ठिकाणी महायुद्धातली विमानं नीट करून पुन्हा उडवतात, त्याचे व्हिडिओ मी जेवताना, झोपताना आणि लाईट गेल्यावर मोबाईल मान टाकेपर्यंत बघतो. नुसत्या आवाजावरून हे मर्लिन इंजिन की नंतरचं ग्रिफन, ते डोळे मिटून सांगतो. मर्लिनला १२ सिलिंडर आणि पोट २७ लिटरचं, ग्रिफनचा पंखा उलटा फिरतो, हे तर कुणी न विचारताच सांगतो. मला खोडून काढणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. बीडला विमानतळच नसल्यामुळे स्पर्धा मर्यादित आहे. विद्वत्ता टिकवायची असेल तर माणसाने राहायचं गाव विचारपूर्वक निवडावं.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जिची वाट पाहत होता ती गाडी. लोक इंजिनाला हार घालत होते. नऊ दिवसांनी चंदीगडला मिग-२१ विमान निवृत्त झालं. ते आपल्या ओझरला तयार व्हायचं, म्हणून मी रात्रीचं जेवलो नाही. “आलेल्या रेल्वेचा आनंद नाही, आणि गेलेल्या इमानाचं सुतक!” बायको म्हणाली. तिला इतिहासाची जाण कमी आहे, असं मी म्हणालो. मनात.

तर हिस्सा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निझामाचा. निझामाला इंग्रजांच्या हवाई दलाला देणग्या द्यायची हौस होती. पहिल्या महायुद्धात ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला त्याने विमानं दिली, दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ क्रमांकाच्या स्क्वाड्रन त्याच्या देणगीमुळे ओळखल्या जाऊ लागल्या. तिघींच्याही नावात हैदराबाद. पैकी १५२ कडे स्पिटफायर होती. १९४० मध्ये जर्मन विमानांचे थवे इंग्लंडवर येत होते तेव्हा ही हैदराबाद स्क्वाड्रन वॉर्मवेलच्या तळावरून दक्षिण किनारा राखत होती. तिच्या बोधचिन्हावर निझामाचं शिरोभूषण आहे आणि खाली ‘विश्वासू मित्र’ अशा अर्थाचं ब्रीद. आता हा विश्वासू मित्र जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजत होता हे खरं, पण तो काही ज्वारी खुडायला येत नव्हता. सारा भरला कुणी? माझ्या पणजोबांनी.

पुरावा आहे. घरातल्या पत्र्याच्या पेटीत १३४९ फसलीची, म्हणजे १९३९-४० ची, साऱ्याची उर्दू पावती आहे. बीडच्या एका मौलवीसाहेबांनी ती वाचून दिली: चौदा रुपये, हाली सिक्का. मी कागद-पेन घेऊन बसलो.

युद्धकाळात इंग्लंडात गावोगाव वर्गणी काढून विमानं घेत. एका स्पिटफायरला ५,००० पौंड असा ठोक भाव लावलेला होता. खरा खर्च त्याहून जास्त, पण वर्गणीचा आकडा तोंडात बसणारा असावा लागतो. तेव्हाचा पौंड म्हणजे १३ रुपये, ५ आणे, ४ पै. इंग्रजी सहा रुपये म्हणजे निझामाचे हाली सात. गुणाकार केला तर स्पिटफायरची किंमत आली ७७,७७७ हाली रुपये आणि वर बारा आणे. त्याला पणजोबांच्या चौदा रुपयांनी भागलं, तर त्यांचा वाटा ५,५५५ वा. एवढे देखणे आकडे योगायोगाने येत नाहीत. यामागे काहीतरी दैवी संकेत असणार, असं मला वाटलं. विमानाचं रिकामं वजन दोन हजार किलोच्या आसपास. म्हणजे पणजोबांचं स्पिटफायर भरलं ३६० ग्रॅम.

३६० ग्रॅममध्ये नेमकं काय मागावं, यावर माझे बरेच दिवस गेले. वैमानिकाच्या डोक्यावर मागचं दिसायला एक छोटा आरसा असतो, तो मला मनापासून हवा होता. शत्रू मागून येतोय हे आधी कुणाला कळायचं? पणजोबांना. बायको म्हणाली, “हातात पाना घेऊन खाली उभं राहणाऱ्याचं फडकं आलं असंल तुमच्या वाट्याला.” पण नीट केलेलं, उडतं स्पिटफायर आज वीस लाख पौंडांच्या पुढे विकलं जातं, हे ऐकल्यावर तिनेच मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडला. वीस लाख ग्रॅमचं विमान, वीस लाख पौंड, ग्रॅमला पौंड. तीनशे साठ पौंड म्हणजे चाळीसेक हजार रुपये. “मग विका की. बोअरमधली मोटर तरी बदलू.”

तेवढ्यात ही बातमी भावकीत गेली. चुलतभाऊ संध्याकाळी दारात हजर. “दादा, पणजोबा काय एकट्या तुपले होते का?” पणजोबांना तीन मुलं, म्हणजे आजोबांकडे आले १२० ग्रॅम. आजोबांची चार लेकरं. त्यांत एक आत्या, आणि लेकींचाही हक्क आहे. वडिलांच्या वाट्याला ३० ग्रॅम. आम्ही दोघं भाऊ. माझ्या नावावर राहिले १५ ग्रॅम. आरसा गेला, आरशाचा एक स्क्रू उरला. तोही सामाईक वहिवाटीचा, कारण आत्याने हक्कसोड करायला साफ नकार दिला. ती म्हणाली, “जमीन सोडली, इमान सोडणार नाही.”

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या उरलासुरला स्क्रूही काढायला आला. “काका, पणजोबांचा सगळा सारा विमानालाच गेला कशावरून? वाडे, नोकर, मोटारी, कशाकशाला गेला असेल.” मी त्याला म्हटलं, तुमच्या कॉलेजात श्रद्धा शिकवत नाहीत का? तर त्याने आणखी एक खिळा ठोकला. आज आकाशात दिसणाऱ्या कित्येक जुन्या विमानांचा पत्रा नवा, वायरी नव्या, रिव्हेट नव्या. मूळ विमानाचे थोडे तुकडे आणि कारखान्याची नंबरपाटी शाबूत असली की त्या पाटीच्या आधाराने सगळं पुन्हा उभं करतात, आणि जग त्याला तेच विमान मानतं. “थोडक्यात काका, पाटी टिकली की विमान टिकलं.”

या वाक्यावर मात्र मला काही विनोद सुचला नाही.

कारण पाटी हीच तर मेख आहे. त्या स्क्वाड्रनला नाव हैदराबादचं, डोक्यावर शिरोभूषण निझामाचं. बालाघाटाच्या माळावर पाऊस पडो न पडो, चौदा रुपये मोजणाऱ्या माणसाची खूण त्या विमानावर कुठेच नाही. त्याला कुणी विचारलंही नसेल, की बाबा, इंग्लंडचं आभाळ राखायला तुझे पैसे देऊ का? विचारलं असतं तर कदाचित हो म्हणालाही असता. हिटलर काही भला माणूस नव्हता. पण विचारायला हवं होतं. आणि हे निझामाबरोबर संपलं म्हणावं, तर स्टँडवरचा निवारा बघा. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमचा-माझा; पाटी कुणाच्या तरी ‘प्रयत्नातून’. गावाचं नाव बोटभर, साहेबांचं हातभर.

पुढे १९४८ साली हैदराबादची नाकेबंदी झाली, तेव्हा निझामासाठी कराचीहून रात्री चोरून हत्यारं आणणारा वैमानिक होता सिडनी कॉटन. हा तोच ऑस्ट्रेलियन गडी, ज्याने महायुद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरवरच्या बंदुका काढून कॅमेरे बसवायची कल्पना लढवली होती. त्याची विमानंही लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचीच मुलकी भावंडं. मग सप्टेंबरात भारतीय फौज आली आणि तिच्या मदतीला हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं आली. आजी सांगायची, त्या दिवसांत आभाळात घरघर ऐकू आली की बायका लेकरं घेऊन उतरंडीमागे बसायच्या. ते टेम्पेस्ट होतं का, आवाज जाड होता की कातर, हे तिला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. जगभरच्या इंजिनांचे आवाज ओळखणाऱ्या माणसाने घरातल्या एकुलत्या एक साक्षीदाराला काही विचारलं नाही, कारण तिचा व्हिडिओ नव्हता.

ती विमानं म्हातारी झाल्यावर आपल्या तळांच्या कडेला गवतात पडून राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज शौकीन आले आणि आपली स्पिटफायर, टेम्पेस्ट उचलून घेऊन गेले. त्यांतलं काय काय आता तिकडे गरजतंय. २०२३ साली सायवेलला जे टेम्पेस्ट पुन्हा उडालं, तेही एके काळी भारतीय हवाई दलातच होतं. आपल्याकडे दिल्लीत पालमच्या संग्रहालयात स्पिटफायर आहे, हरिकेन आहे, टेम्पेस्टही आहे, सगळी उभी. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात उडायला आहेत ती टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये भेट मिळालेलं डाकोटा. शिकाऊंची दोन आणि मालवाहू एक. लढाऊ एकही नाही.

म्हणून मी गणेश मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला: मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, एखादं जुनं विमान बीड जिल्ह्यावरून उडवावं असा अर्ज करू, पेट्रोलला वर्गणी काढू. विमान कुणा राजाचं नसेल, सारा भरणाऱ्यांचं असेल. भाषण बरं झालं असावं, कारण पहिल्यांदाच कुणी मोबाईल बघत नव्हतं. खजिनदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं, टोपण काढलं आणि थांबला.

“गुरुजी, इमान खाली उतरणार का?”

“नाही, वरूनच जाणार.”

“मग देणगीदारांची पाटी कुठं लावायची?”