बंदुकीची चुंबळ

बंदुकीशी माझा संबंध बँकेच्या दारापुरता. तिथल्या रखवालदाराची दुनळी आणि त्याच्या स्टुलाचा डुगडुगता पाय, दोन्हींकडे मी सारख्याच धास्तीनं पाहत आलोय. त्यामुळे न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला राहणारा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, उद्या शिकारीला चला," तेव्हा मी आशेनं हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "जा. पुढेमागे झुरळ मारायला तरी धीर येईल."

शिकार होती ताहरची. ताहर म्हणजे हिमालयातला रानबोकड. 1904 साली इंग्लंडातल्या बेडफर्डच्या ड्यूकनं भेट म्हणून दिलेले ताहर औराकी पर्वताच्या परिसरात सोडले गेले. या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. बोकडाला खाणारं कोणीच नाही. मग बोकड वाढले आणि डोंगरमाथ्यावरची झाडंझुडपं फस्त करू लागले. अखेर 1993 च्या सरकारी योजनेत मर्यादा ठरली, 10,000. आपल्याकडे हाच प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर बंदूक रोखली तर तुरुंगाची हवा. माहेरी जपलेला, सासरी डोईजड झालेला.

ट्वायझेल गावातून सकाळी आम्ही तिघं निघालो आणि दरीच्या तोंडाशी गाडी लावली. आदल्या दिवशीच्या पावसानं रायफलचा पट्टा भिजला होता. भाच्यानं तो वाळायला बॉनेटवर टाकला आणि आम्ही दशम्या सोडल्या. तेवढ्यात दोन किआ आले. किआ हा तिथला डोंगरी पोपट. एक आमच्यासमोर मान वाकडी करून नाचू लागला. आम्ही कौतुकानं फोटो काढतोय तोवर दुसऱ्यानं पट्ट्याच्या चिंध्या केल्या आणि तोंडी लावायला वायपरचं रबर घेतलं. पक्षी संरक्षित, त्याच्या केसाला, म्हणजे पिसाला, धक्का लावायचा नाही. शिकारीला निघालेले दोन बाप्ये एका पोपटासमोर हात जोडून उभे राहिले.

सामानाची सॅक भाचा घेणार म्हणून रायफल मी घेईन, असं मीच फुशारकीनं बोलून बसलो होतो. परवाना त्याचा, तेव्हा मी त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. बोल्ट काढून त्याच्या खिशात, गोळ्या सॅकमध्ये. माझ्या वाट्याला आली ती एक महागडी काठी. पण दुर्बिणीसकट चार किलोंची! वाण्याकडून येताना चार किलो काहीच वाटत नाहीत. डोंगराकडे पाहिलं की वाटतात.

रायफलला दोन कड्या असतात, एक पुढे नळीखालच्या लाकडाला, एक मागे दस्त्याला. त्यांत काहीतरी अडकवलं की झालं, असं मला वाटलं. गाडीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. ती बांधून शंभर पावलं चाललो, तर जानव्याच्या जागी लालभडक रेघ. मग कमरेचा पट्टा काढला. तो रुंद, पण गुळगुळीत. खांद्यावरून घसरून कोपरात यायचा. शिवाय तिकडे पँट. एका हातात रायफल, दुसऱ्यात पँट, आणि डोंगर चढायला तिसरा हात आमच्या घराण्यात कुणाला नाही.

गाडीत बसून ही सगळं पाहत होती. म्हणाली, "अहो, भरली कळशी बायका काय नुसत्या डोक्यावर ठेवतात? चुंबळ लागते!"

वजन तेवढंच राहतं, पण ते बोटभर जागेत रुतण्याऐवजी तळहाताएवढ्या जागेवर पसरतं. शाळेत हेच मला 'दाब' या नावाखाली शिकवलं होतं आणि मी नापास झालो होतो.

बळी गेला माझा आंघोळीचा पंचा. तो उभा फाडून हिनं तीन पट्ट्या काढल्या. एक टोक भाच्याच्या हातात दिलं आणि शाळेत जाणाऱ्या पोरीची घालावी तशी घट्ट वेणी घातली. मागच्या कडीला निरगाठ. पुढच्या कडीतून टोक ओवून सुटेल अशी गाठ, लांबी कमीजास्त करायला. नायलॉनची गाठ निसटते, सुती गाठ धरून बसते. चुंबळ म्हणून माझाच जाड लोकरी मोजा निवडला. त्याचं बोटांकडचं टोक कापलं आणि दुसरा मोजा घडी करून आत सारायचं ठरलं. तेव्हा ध्यानात आलं की मोजा गाठीआधी ओवायला हवा होता. पुन्हा सोडा, पुन्हा बांधा.

मग लांबी. पट्टा सैल ठेवला तर दस्ता गुडघ्याच्या लवणीत टोले हाणायचा. आखूड केला तर बरगड्या मोजायचा. बगलेतून मूठ सहज आरपार जाईल इथे जमलं. भाच्यानं रायफल गाडीच्या सीटवर वीतभर उचलून पट्ट्याला तीन हिसके दिले. गाठ हलली नाही. लोकर जाकिटाला अशी चिकटली की मी दोन्ही हात मोकळे सोडून चालू लागलो.

तीन तास चढलो. वाटेत माटागौरी नावाचं काटेरी झुडूप लागतं, बाभळीची चुलत बहीण शोभेल असं. त्यानं माझी पँट धरली, कान धरला, पट्ट्याला मात्र काही झालं नाही. आणि समोरच्या कड्यावर ताहर दिसला! वाऱ्यावर भुरभुरणारी आयाळ, चेहऱ्यावर संस्थानिकाचा रुबाब. भाच्यानं माझ्याकडून रायफल घेतली, आडवा झाला. एवढ्यात वारा फिरला आणि आमच्या पाठीवरून कड्याकडे वाहू लागला. ताहरनं नाक वर केलं, क्षणभर विचार केला आणि चालता झाला.

भाच्यानं खांद्यावरच्या चुंबळीचा वास घेतला. "मामा, हे मोजे कधी धुतले होते?"

त्या दिवशी गोळी सुटली नाही. गाठही सुटली नाही. नवा पट्टा आणायचं भाचा गेले वर्षभर लांबणीवर टाकतोय आणि पंच्यावरच डोंगर चढतोय. परदेशी निघालेल्यांना एवढंच सांगतो: सामानात एक पंचा जास्तीचा घ्या. आणि मोजे धुऊन.