रे रोडचे चहाचार्य

हार्बर लाइनीच्या प्रत्येक स्टेशनाबाहेर एक तरी टपरी असते आणि प्रत्येक टपरीला एक चहाचार्य असतो. चहाचार्य म्हणजे नुसता चहाबाज नव्हे. चहाबाज चहा पितो. चहाचार्य चहावर निकाल देतो. चहा कसा असावा याबद्दल त्याचं मत पक्कं असतं, अंतिम असतं आणि दर आठ-दहा वर्षांनी बदलतं. बदललं हे मात्र त्याला मान्य नसतं. आधीचं मत चुकीचं होतं असं तो म्हणत नाही. ते आपलं होतं हेच नाकारतो.

रे रोडचे आमचे चहाचार्य पोर्ट ट्रस्टमधून टॅली क्लार्क म्हणून निवृत्त झाले. बोटीतून उतरणाऱ्या गोण्या आणि पेट्या त्यांनी जन्मभर मोजल्या. राहायला घोडपदेवला, बसायला स्टेशनाबाहेरच्या टपरीच्या बाकड्यावर. पलीकडे दारूखाना. तिथे मोडीत काढलेल्या बोटींचे पत्रे, नांगर, साखळदंड, आणि ते कापण्याचा-ठोकण्याचा दिवसभराचा आवाज. त्या आवाजात बोलायचं तर ठासूनच बोलावं लागतं, आणि ठासून बोललेलं वाक्य पुढे मागे घेता येत नाही. शिवाय जागेचा वारसाही आहे. १९१० साली कुर्ल्याहून हार्बरची गाडी सुरू झाली ती रे रोडपर्यंतच. पुढे व्हीटी गाठायला १९२५ उजाडलं. पंधरा वर्षं शेवटचं स्टेशन असलेल्या ठिकाणच्या माणसाला शेवटचा शब्द आपलाच वाटला, तर त्यात त्याचा काय दोष?

निकालाची परंपरा तर त्याहून जुनी. ज्या लॉर्ड रेच्या नावाने हे स्टेशन आहे, त्याची मुंबईची गव्हर्नरकी १८९० साली संपली. त्याच वर्षी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि लोकांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. ते ग्रामण्य पुण्यात कधीच मिटलं. रे रोडला अजून चालू आहे. तेव्हा चहा प्यायला म्हणून वाळीत टाकायचे. आमचे चहाचार्य चुकीचा प्यायला म्हणून टाकतात.

त्यांचा पहिला सिद्धान्त होता गोड चहाचा. चाळीत लहान मुलांना चहा मिळत नसे. ‘काळा होशील’ एवढं एक वाक्य त्यावर पुरायचं. वडिलांच्या बशीतला उरलेला घोट मिळायचा, त्यात तळाला न विरघळलेली साखर. साखर रेशन कार्डावर, दूध आरेच्या काचेच्या बाटलीतलं आणि तेही कार्डावर. अशा घरात चहा गोड लागला म्हणजे घर चांगलं चाललंय, असा त्याचा अर्थ. पाहुण्याला फुळकवणी दिली तरी चालेल, अगोड द्यायची नाही. चहाचार्यांनी त्यावरून नियमच केला: कमी साखरेचा चहा सुतकात प्यावा. चाळीतल्या एका शिक्षकांना त्यांनी वयाच्या अकराव्या वर्षी तोंडावर सुनावलं होतं, “मास्तर, तुम्ही चहा पीत नाही, औषध घेता.”

नोकरी लागली आणि गोडाची जागा कडकने घेतली. रात्रपाळीला गोदीत जो चहा यायचा तो सगळा भुकटीचा. आसामात विल्यम मॅककर्चर नावाच्या साहेबाने १९३० च्या सुमाराला एक यंत्र काढलं. चहाचं पान त्यात दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळून निघतं. त्या सीटीसी चहाला रंग लवकर येतो, तो दुधाला दबत नाही आणि किलोमागे कप जास्त निघतात. स्वस्त, काळा आणि पटकन होणारा. गोदीला याहून काय हवं होतं? चहाचार्यांनी मात्र त्यातून तत्त्व काढलं: “दोनदा उकळी नाही, तो चहा नाही.” महिन्याच्या वीस तारखेनंतर ते कटिंग पीत. त्याचंही शास्त्र त्यांच्याकडे होतं. पूर्ण ग्लासातला शेवटचा अर्धा थंड होतो, म्हणून जाणकार मुळातच अर्धा घेतो. हे शास्त्र एक तारखेपासून एकोणीस तारखेपर्यंत का लागू नसायचं, ते माथाडी कामगारांपैकी एकाने विचारलं होतं. तो माणूस पुढे कधी त्यांच्या बाकड्यावर बसला नाही.

बढती मिळाली आणि चहाचार्य इराण्याकडे वळले. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन मस्का आणि ‘पानी कम’. आता चहा म्हणजे दूध. पाण्याचा चहा उभ्याने प्यावा, दुधाचा बसून. ज्या टपरीवर त्यांनी दहा वर्षं उधारी ठेवली, तिच्यासमोरून ते पेपर उघडून चालत जाऊ लागले. ब्रुन चहात किती वेळ बुडवावा यावर त्यांचा आणि एका हेड क्लार्कचा वाद झाला. चहाचार्यांच्या मते तीन अंक मोजून बाहेर, हेड क्लार्कच्या मते मस्का वितळेपर्यंत आत. त्या वादात हेड क्लार्कचा अर्धा ब्रुन तळाशी गेला, आणि चहाचार्यांनी तो पुरावा म्हणून वेटरला दाखवला.

लग्न झालं. काकू सातारच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, “अहो, चहा टाकू?” आणि चहात गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं टाकलं. चहाचार्यांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

“हा काढा झाला. मला सर्दी नाहीये.”

“नाहीये ना? मग होणारही नाही,” काकू म्हणाल्या आणि कपबशी उचलायला आल्या. दुसरा चहा मिळण्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं, म्हणून चहाचार्यांनी तो प्यायला. पावसाळा सरेपर्यंत रे रोडला जाहीर झालं की आलं नसलेला चहा पोटाला बाधतो, इराण्याचा चहा म्हणजे आटवलेलं दूध आणि गवती चहा ही कोकणातली जुनी चाल आहे. काकूंच्या माहेराचा त्यात उल्लेख नव्हता.

१९८९ साली समोर न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि हळूहळू माल तिकडे वळू लागला. गोदीत मोजायला गोण्या उरल्या कमी, चहाला वेळ उरला जास्त. चहाचार्यांची व्याख्यानं लांबली ती याच काळात. टपरीवाल्याशी त्यांनी पुन्हा समेट केला. म्हणजे टपरीवाल्याने आल्याचा तुकडा त्यांना दाखवून मगच टाकायचा, असं ठरलं.

मुलगा संगणकात शिरला आणि पहिल्या पगारात दार्जिलिंगचा डबा घेऊन आला. हा धक्का सगळ्यांत मोठा होता. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली देशातली ही पहिली वस्तू, वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा फिका आणि सुवासिक, मे-जूनमधल्या दुसऱ्या तोडणीचा जरा भरीव, हे सगळं चहाचार्यांनी डब्यावरून आणि मुलाकडून पाठ केलं. मग निकाल आला: चहात दूध घालणं पाप. दुधातलं केसिन चहातल्या टॅनिनला धरतं आणि चहाचा तुरटपणा मारतं, म्हणजे दूध घालणारा माणूस चहाचं तोंड दाबतो. “उकळायचा नाही,” ते टपरीवाल्याला म्हणाले. “पाणी उकळलं की उतरवायचं, पत्ती टाकायची, तीन मिनिटं झाकायचं, गाळायचं. दूध नाही, साखर नाही.”

टपरीवाल्याने पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “काका, दूध भी नहीं, शक्कर भी नहीं, उबालना भी नहीं. तो फिर पैसा किस बात का लूँ?”

चहाचार्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. आम्हाला मात्र गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या बाकड्यावर बोललं गेलेलं सर्वांत समंजस वाक्य हेच वाटलं.

पुढे साखर निघाली. म्हणजे डब्यातली नव्हे, रक्तातली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. चौथ्या दिवशी चहाचार्य म्हणाले, “साखर घालणारे लोक सरबत पितात. चहाची खरी चव साखरेखाली गाडली जाते.” वयाच्या अकराव्या वर्षी ज्या मास्तरांना त्यांनी वाळीत टाकलं होतं, त्यांना अशा रीतीने मरणोत्तर न्याय मिळाला. मग आला ग्रीन टी. सकाळी बाकड्यावर थर्मास घेऊन बसायचे, घोट घ्यायचे आणि चेहरा वाकडा होऊ नये म्हणून स्टेशनकडे बघायचे. मग गुळाच्या चहाची लाट आली. पुण्याकडच्या अमृततुल्यांच्या पाट्या मुंबईतही झळकू लागल्या, आणि चहाचार्यांना डॉक्टरांच्या शब्दांत एक फट सापडली. डॉक्टर साखर म्हणाले होते. गूळ कुठे म्हणाले होते? गूळ दूध उकळताना टाकला तर ते फाटतं, म्हणून आच बंद करून मग टाकायचा, हे त्यांनी अख्ख्या चाळीला शिकवलं. कोकणात आजोबांकडे गुळाचाच कोरा चहा असायचा, हे त्यांना साठ वर्षांनी आठवलं. ही आठवण रक्ताच्या पुढच्या तपासणीपर्यंत टिकली. तीन महिन्यांची सरासरी पाहून डॉक्टरांनी गूळ या शब्दाचाही लेखी समावेश केला.

वयाबरोबर जिभेची आवड बदलते, यात नवल नाही. लहानपणी कडू नको वाटतं, सवयीने ते आवडू लागतं, म्हातारपणी वास मंदावतो आणि माणूस पुन्हा काहीतरी ठसठशीत मागतो. पण चहाचार्यांच्या जिभेवर इतका आळ घेणं बरं नव्हे. प्रत्येक खेपेला आधी खिसा बदलला, नाहीतर चहा करणारा हात बदलला, नाहीतर डॉक्टर बदलला. जीभ मागाहून सही करत आली. माणसाला आपली परिस्थिती बदलली असं म्हणायला जड जातं. आपल्याला आता खरं कळलं असं म्हणायला सोपं जातं. टॅली क्लार्कने जन्मभर दुसऱ्यांचा माल मोजला. आपलं म्हणून काही ठरवायला हातात एक कपच होता. त्यात काय असावं हे दर वेळी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं, पण ते जाहीर करण्याचा मान त्यांनी कोणाला दिला नाही.

या सगळ्या पर्वांचा नीट इतिहास कोणी लिहायचा तर बाकड्यावर बसून उपयोग नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात जावं लागेल. फळीवर दार्जिलिंगच्या डब्यात मोहरी आहे. ग्रीन टीच्या खोक्यात सुया, दोरे आणि सुटी बटणं. गुळाच्या चहासाठी आणलेल्या पितळी भांड्यात तुळस लावली आहे. खास इराणी चवीचा म्हणून आणलेल्या मिश्रणाच्या बरणीत हिंग. काकूंनी कुठल्याही मताशी वाद घातला नाही. प्रत्येक मत संपायची वाट पाहिली आणि डबा धुऊन घेतला. स्वतः त्या आजही आलं आणि गवती चहा टाकूनच पितात, एक चमचा साखर घालून, आणि त्याबद्दल कधीच काही बोलत नाहीत.

२०२५ मध्ये रे रोडला तारांवर तोललेला नवा उड्डाणपूल सुरू झाला. त्याच सुमाराला नातीने आजोबांना थंड चहाची एक उंच काचेची बाटली आणून दिली: लिंबू, पुदिना, बर्फ. पहिल्या दिवशी चहाचार्यांनी तिला ऐकवलं, “थंड झालेला चहा आमच्याकडे ओतून देतात.” आठवड्याने बाकड्यावर म्हणाले, “तसा चहा गरमच प्यावा असं कुठे लिहिलंय?” परवा टपरीवाल्याकडे बर्फाची चौकशी करत होते. निकाल या महिन्यात लागेल असा अंदाज आहे. बाटली दिसायला चांगली आहे, बूचही घट्ट बसतं. ती रिकामी झाली की तिच्यात खोबरेल ठेवायचं, हे काकूंनी नातीला आधीच सांगून ठेवलंय.